इतर हक्कात

हक्कसोड पत्राचा मसुदा ठरलेला असतो. दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर टेबल मांडून बसलेल्या दस्तलेखकाच्या कॉम्प्युटरमध्ये तो तयारच असतो. नावं, गट नंबर आणि चतु:सीमा बदलल्या की झालं. सदर मिळकतीतला माझा अविभक्त हिस्सा मी राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता, कोणताही मोबदला न घेता, बंधुप्रेमापोटी कायमचा सोडून देत आहे. मग आत जायचं. कॅमेऱ्यासमोर पदर सारखा करायचा, स्कॅनरवर अंगठा दाबायचा, ओळख पटवायला गावाकडचे दोघे आलेलेच असतात. लाइन नसेल तर अर्ध्या तासाचं काम. सर्व्हर डाऊन असेल तर एक दुपार.

वडिलोपार्जित मिळकतीतला हिस्सा भावाबहिणींमध्ये विनामोबदला सोडून द्यायचा असेल तर मुद्रांक शुल्क कित्येक वर्षं फक्त दोनशे रुपये होतं. २०२४ च्या ऑक्टोबरात ते पाचशे झालं. जमीन माळावरची कुसळं उगवणारी असो किंवा हायवेला लागून असलेली, दर तोच. बाकी कुठल्याही खरेदीखताला सरकार बाजारमूल्याची टक्केवारी मोजून घेतं. इथे मात्र हात सैल आहे. हेतू चांगलाच असणार, घरातल्या घरात होणाऱ्या व्यवहारावर कशाला बोजा टाकायचा. पण बाईनं काय करावं असं सरकारला वाटतं, हे महिला दिनाच्या भाषणांपेक्षा अशा दरपत्रकातून मला जास्त कळतं.

कारण उलट बाजूचं दरपत्रकही बघायला हवं. बहीण म्हणाली, मला सोडायचा नाही, माझा हिस्सा वेगळा करून द्या, तर? सगळ्या सहहिस्सेदारांची संमती असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदार वाटप करून देतात. सगळ्यांची. एका भावानं मान हलवली नाही की मार्ग दिवाणी कोर्टाकडे. तिथे वाटपाचा दावा, साक्षीपुरावे, तारखा. निकाल तिच्या बाजूनं लागला तरी शेतजमिनीच्या बाबतीत ते अर्धंच काम झालं. कोर्ट फक्त हिस्से ठरवतं. प्रत्यक्ष जमीन विभागून द्यायला कागद दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे जातात, तिथून तहसीलदाराकडे, तिथून मोजणीला भूमी अभिलेखकडे. मोजणीच्या दिवशी भावानं वाट अडवली, शेजाऱ्यानं बांधाची हरकत घेतली, की पुन्हा पुढची तारीख. आमच्या आळीतल्या एका बाईंनी दावा लावला तेव्हा त्यांची मुलगी शाळेत होती. हुकूमनामा हातात आला तेव्हा नातू अंगणात खेळत होता, आणि जमीन अजून ताब्यात नव्हती.

मालमत्तेच्या वादांत महिलांना कोर्ट फी माफ करणारी अधिसूचना महाराष्ट्रानं १९९४ मध्येच काढली, हे इथे सांगायला हवं. चांगली गोष्ट आहे. पण दाव्यात खरा खर्च होतो तो वकिलाचा, एसटीच्या फेऱ्यांचा, बुडालेल्या रोजांचा आणि माहेरी बंद झालेल्या दाराचा. त्यातलं काही माफ करता येत नाही.

नेमकं काय सोडलं जातं याचा हिशेब एकदा आकड्यात मांडून बघू. बारा एकर वडिलोपार्जित जमीन, आई आधीच गेलेली, वडील, एक मुलगा, दोन मुली. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं मुलींना वारस मानलं खरं, पण एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मानं हिस्सा फक्त मुलग्यांचा ठेवला. म्हणजे वडील वारले की आधी बापलेकांत वाटप झालं असं धरायचं : सहा एकर वडिलांचे, सहा मुलाचे. मग वडिलांच्या सहा एकरांत तिघं वारस, प्रत्येकी दोन. मुलाला आठ, मुलींना दोन-दोन. आणि हे कागदावर. राहत्या घराबद्दल त्याच कायद्यात कलम २३ होतं : घरातले पुरुष आपापसात वाटप करत नाहीत तोवर मुलीनं घराचं वाटप मागायचं नाही. राहायला येण्याचा हक्क होता, पण तोही अविवाहित, टाकलेल्या, विभक्त झालेल्या किंवा विधवा मुलीला. संसार मोडल्याखेरीज माहेरच्या घरात हक्कानं पाऊल टाकायचं नाही, असं संसदेनं लिहून ठेवलं होतं आणि ते जवळजवळ पन्नास वर्षं टिकलं.

हिंदू कोड बिलाचं घोंगडं भिजत पडलं म्हणून बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१ साली कायदामंत्रिपद सोडलं. पुढे त्याचे तुकडे करून जे कायदे झाले, त्यातला हा एक. तेव्हा जे राहिलं ते भरून काढायला राज्यांनीच सुरुवात केली. आंध्र प्रदेशनं ऐंशीच्या दशकात, तामिळनाडूनं १९८९ मध्ये, महाराष्ट्र आणि कर्नाटकानं १९९४ मध्ये. शरद पवार मुख्यमंत्री होते, राज्याचं पहिलं महिला धोरण त्याच वर्षीचं. २२ जून १९९४ पासून महाराष्ट्रातल्या मुलीही मुलाप्रमाणे जन्मानं हिस्सेदार झाल्या. फक्त एक अट : त्या तारखेच्या आधी लग्न झालेलं नसावं.

अक्काचं लग्न १९९३ च्या मेमधलं, माझं १९९६ चं. एकाच आईबापाच्या पोटी, एकाच घरात वाढलेल्या दोघी. कायद्याच्या दृष्टीनं मी हिस्सेदार आणि ती पाहुणी. आमच्या घरात याची कुणाला खबरही नव्हती, त्यामुळे भांडण झालं नाही. लग्नाच्या पत्रिकेवरची तारीख पुढे जमिनीचा हिशेब ठरवणार आहे हे कुणाला ठाऊक असणार? अक्काचं स्थळ पसंत पडलं ते ज्वारीच्या काढणीच्या वेळी, म्हणून उन्हाळ्यात लग्न उरकलं. पत्रिकेत मंगळ निघता आणि लग्न दीड वर्ष लांबतं, तर तिचा हक्क शाबूत राहिला असता. मंगळाचा असा उपयोग कुठल्या ज्योतिषानं सांगितलेला नाही.

९ सप्टेंबर २००५ ला केंद्राची दुरुस्ती आली आणि लग्नाची अट गेली. कलम २३ही गेलं. वरच्या उदाहरणातले बारा एकर आता तीन भावंडांत चार-चार होऊ लागले. पण वडील या तारखेआधी वारले असतील तर? २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालय फुलवती प्रकरणात म्हणालं, त्या दिवशी बाप आणि मुलगी दोघंही हयात हवीत. २०१८ मध्ये दानम्मा प्रकरणात बाप २००१ सालीच वारलेला असूनही मुलींना हिस्सा दिला. शेवटी ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात तीन न्यायमूर्तींनी निर्वाळा दिला : हक्क जन्मानं मिळतो, मग त्या दिवशी बाप हयात असो-नसो. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटप झालं असेल तेवढं मात्र उकरायचं नाही. या तीन निकालांच्या मधल्या वर्षांत किती जणींना वकिलांनी घरी पाठवलं असेल, कितीजणींनी 'आता काही मिळत नाही' म्हणून सही करून टाकली असेल, ते कुठल्याच निकालपत्रात येत नाही. ज्या बाईनं २०१६ साली विचारलं तिला एक उत्तर, २०२० नंतर विचारणारीला दुसरं. आणि पहिलीनं नोंदवून दिलेला दस्त काही आपोआप रद्द होत नाही.

हे सगळं दिल्लीत आणि मुंबईत. गावात हक्क असतो तो सातबाऱ्यावर.

आजोबांच्या वेळचा हस्तलिखित उतारा मी मागे काढून आणला. कब्जेदाराच्या रकान्यात वडिलांचं आणि चुलत्यांचं नाव, वडिलांच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. माझ्या दोन आत्या आहेत. त्यांची नावं सापडली उजवीकडच्या 'इतर हक्क' या रकान्यात. वर सोसायटीचा बोजा, खाली विहिरीतला चार आणे पाण्याचा हिस्सा, मध्ये दोघी आत्या. पूर्वी वारसनोंदी करताना बहिणींना असं बाजूला बसवायची सर्रास पद्धत होती. तिथे नाव असलं तरी कर्जाला, अनुदानाला, विक्रीला त्यांना विचारायची गरज कुणाला वाटत नसे. काही उताऱ्यांवर तर तेवढंही नाही. वारस म्हणून मुलगेच लिहिले, 'मुलींचं लग्न झालं' म्हणून तलाठ्यानं विषय संपवला. हितसंबंधी म्हणून बहिणीला नोटीस काढायची ती माहेरच्याच पत्त्यावर, आणि घ्यायची भावानंच.

आता तसं सहज होत नाही, हे खरं. तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी झाला (आम्ही अजून भाऊसाहेबच म्हणतो), फेरफार, म्हणजे उताऱ्यावरची नावं बदलायच्या नोंदी, ऑनलाइन झाले, वारसांचा अर्ज घरबसल्या भरता येतो आणि मुलींची नावं कब्जेदाराच्या रकान्यात लागतात. पण गंमत बघा. नोंदणी कार्यालयात हक्कसोड झाली की तिची माहिती संगणकानंच तलाठ्याकडे जाते आणि फेरफार धरला जातो. नाव कमी व्हायची वाट रुंद करून ठेवली आहे. म्हणून हल्ली उताऱ्यावर असा क्रम दिसतो : एका फेरफारानं तिघी बहिणींची नावं लागलेली, आणि दोन-चार फेरफार सोडून पुढच्या एकानं तिघींची नावं उडालेली. कंसात पडलेली ती नावं वाचत बसायची मला सवय लागली आहे.

मग बायका सही का करतात? अडाणी असतात म्हणून, हे उत्तर शहरातल्या चर्चांमध्ये फार चालतं. माझी थोरली आत्या सातवी शिकलेली. बाजार समितीतला भाव तोंडपाठ, सावकाराच्या व्याजाचा हिशेब मनात करणारी. तिला मी विचारलं होतं. ती म्हणाली, "अगं, दोन एकर घेऊन मी तिथं पेरायला जाणाराय का? आणि घेतलं तर दिवाळीला कुणाच्या दारात जाऊ?" हा भाबडेपणा नाही, हिशेब आहे. नवऱ्यानं हाकललं, आजारपण आलं, मुलगा वाया गेला, तर तिच्याकडे पेन्शन नाही, विमा नाही, सासरच्या जमिनीवर नाव नाही. माहेर आहे. दोन एकर मागून ते घालवायचं, की सोडून देऊन टिकवायचं? कायद्यानं तिला हिस्सा दिला, पण माहेर तुटलं तर काय, याची तजवीज कुणी केली नाही.

भावांचं म्हणणंही ऐकलं पाहिजे, निदान त्यातलं ठरलेलं तरी. "तुझ्या लग्नात खर्च केला की." हुंडा देणं-घेणं १९६१ पासून गुन्हा आहे. जमिनीच्या बोलण्यात मात्र त्याची पावती बिनदिक्कत दाखवली जाते. दुसरं म्हणजे तुकडे पडतील. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे, आणि चार भावांत शेत वाटलं जाताना तो कुणाला आठवल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आमच्या बाजूच्या तालुक्यातून रस्त्यासाठी जमिनी गेल्या तेव्हा सगळं उलटं झालं. समृद्धी महामार्गाच्या पट्ट्यातही हेच ऐकू येई. मातीचे पैसे झाले, मोबदला उताऱ्यावरच्या नावांना मिळणार, आणि खरेदीला प्रत्येक सहहिस्सेदाराची सही हवी. ज्या बहिणींना दहा वर्षं भाऊबीजेला बोलावणं नव्हतं, त्यांच्या दारात भावांच्या गाड्या उभ्या राहिल्या. काहींना साडी मिळाली, काहींना लाखभर, काहींना निम्मं. कुणी कोर्टात गेलं. तेव्हा गावच्या पारावर फार हळहळ झाली, पैशानं नाती तोडली म्हणून. मला वाटतं, नाती आधी कशाच्या आधारावर टिकली होती ते तेव्हा पहिल्यांदा उघडं पडलं, एवढंच.

देशात कसणाऱ्या खातेदारांमध्ये बायका किती, तर २०१५-१६ च्या कृषी गणनेप्रमाणे साधारण १४ टक्के. शेतावर खुरपणी, लावणी, भांगलण, वेचणी कोण करतं हे एसटीच्या खिडकीतूनही दिसतं. त्या चौदांतही किती जणींचं नाव नवरा गेल्यावर लागलेलं असेल. पण ते तरी लागतं का? विदर्भ-मराठवाड्यात शेतकरी आत्महत्येनंतर मिळणारी एक लाखाची मदत जमिनीच्या कागदाला बांधलेली. जमीन सासऱ्याच्या नावावर, म्हणून पात्र-अपात्रतेच्या फेऱ्यात अडकलेल्या किती विधवांची गाऱ्हाणी छापून आली. नवरा शेतकरी होता हे गावाला माहीत, उताऱ्याला नाही.

मन वळवूनच होईल म्हणतात. त्याचाही प्रयोग आपल्याकडे झाला आहे. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचं महिलांचं मोठं अधिवेशन झालं, आणि पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली : शेतकऱ्यानं आपल्या जमिनीचा तुकडा आपणहून बायकोच्या नावे करावा, गावात शंभर जणांनी केलं तर ते लक्ष्मीमुक्तीचं गाव. खरोखरच अनेक गावांनी केलं. १९९२ मध्ये सरकारनं त्याच नावाची योजना आणली, नवऱ्याच्या अर्जावरून बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लागेल अशी. मला या चळवळीबद्दल आदर आहे, आणि एक खटका आहे. अर्ज नवऱ्यानं करायचा. एरवी तो करतो कोण?

त्याच्याशेजारी वनहक्क कायदा ठेवून बघा. २००६ चा. आदिवासींना हिंदू उत्तराधिकार कायदा तसा लागूच नाही, त्यामुळे गडचिरोली-नंदुरबारच्या बाईला वरची सगळी कहाणी परकी. पण वनजमिनीचा पट्टा देताना कायद्यानं सरळ सांगितलं : लग्न झालेलं असेल तर पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे. कुणी मागायचं नाही, कुणी मोठेपणा दाखवायचा नाही, फॉर्मवरच दोन जागा. तलाठी आणि वनरक्षक बाकी कितीही दिरंगाई करोत, पट्ट्यावर तिचं नाव येतं. घरकुलाचंही तसंच. जिथे नाव लावायला काही करावं लागत नाही आणि काढायला खटपट पडते, तिथे नाव राहतं. वडिलोपार्जित शेतीत आपण हे नेमकं उलटं ठेवलं आहे.

आमचे वडील गेल्यावर आईचं, भावाचं आणि आम्हा दोघींचं नाव लागलं. वर्षश्राद्ध व्हायच्या आत भावाचा फोन आला, "ताई, एकदा येऊन जा, सहीचं काम आहे." माझा भाऊ वाईट माणूस नाही. आईला तो सांभाळतो, दवाखान्याच्या रांगेत तो बसतो, मी पुण्यातून फोन करते. त्यानं कागद पुढे केला तो, उसाचं बिल दाखवावं इतक्या सहजपणे. अक्कानं सही केली. तिच्या मुलीचं लग्न ठरत होतं, आणि मंगलाष्टकांना मुलीच्या पाठीशी मामा उभा नसला तर चार लोकांत काय दिसेल, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. मी म्हटलं, "पीक तू घे, खंड नको, हिशेब नको. नाव राहू दे." तो काही बोलला नाही. भावजयीनं चहा ठेवला, त्यात साखर बेताचीच होती.

नाव ठेवण्यात तत्त्व कमी आणि भीती जास्त, असं म्हणाल तर मी नाकारणार नाही. पुण्यातला फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर नाही.

मला वाटतं, माणूस गेल्यावर निदान एक वर्ष हक्कसोडीचा दस्त नोंदवताच येऊ नये. निबंधकानं सही करणाऱ्या बाईला भावाच्या गैरहजेरीत, तिच्या भाषेत, तिचा हिस्सा किती आणि त्याची सरकारी किंमत किती हे वाचून दाखवावं. आणि वाटप हवं असेल तर मोजणीची फी माफ असावी. यात क्रांती काही नाही. दोन्ही दरपत्रकं जरा जवळ यावीत एवढंच. हे मी भावाला फोनवर सांगत होते, तर तो म्हणाला, "आणि तोवर सोसायटीचं कर्ज? चार नावं असली की चौघांची संमती मागतात. अक्काचं नाव निघालं, आता तुझ्यापायी दरसाल अडतं."

त्याचं म्हणणं खोटं नाही. सहहिस्सेदाराला आपल्या वाट्यापुरतं पीककर्ज विनाखटपट मिळालं असतं, तर निम्म्या भावांना बहिणीच्या सहीची घाईच झाली नसती. बहिणीचं नाव हे भावाच्या कामातलं विघ्न होऊन बसतं ते बँकेच्या फॉर्ममुळे, आणि मग दोघं एकमेकांकडे बघतात, फॉर्मकडे कुणी बघत नाही. यंदाचं संमतीपत्र मी त्याला सही करून व्हॉट्सॲपवर पाठवलं. सचिवानं मूळ प्रत मागितली, म्हणून दुसऱ्या दिवशी कुरिअर केलं.